कमलबाईची न सरणारी वाकळ

झरी गावात कमलबाईच्या हातच्या टाक्याला तोड नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करत. वैरी म्हणजे तिची एकुलती एक जाऊ. तिळाएवढा टाका, सरळ रांग, आणि मागची बाजू पुढच्या बाजूसारखी. अशा बाईला नातीसाठी मांडलेली एवढीशी वाकळ, म्हणजे गोधडी, तीन महिने झाले तरी सरेना, याला काय म्हणावं? आधी शनिवार होता. मग अमावस्या आली. मग दोरा कच्चा निघाला, पक्का परभणीहून आणायचा होता, आणि तिचा नवरा चंद्रभान परभणीला गेला की दोरा सोडून सगळं घेऊन यायचा. मग वाकळीवर मांजर बसलं म्हणून ती धुवावी लागली, धुतली म्हणून वाळवावी लागली, आणि वाळेपर्यंत पुन्हा शनिवार उजाडला.

गोम अशी होती की यांच्यात पहिल्या बाळंतपणाचं लेकरू आजोळहून निघतं ते आजीनं शिवलेल्या वाकळीतच. वाकळ पुरी झाल्याशिवाय लेकरू उंबरा ओलांडत नाही. ही रीत कुणी पाडली देव जाणे. पण जिनं पाडली तिलाही नातवंड धाडताना जड जात असणार, एवढं नक्की.

जावई अमृत दोनदा न्यायला येऊन गेला. दोन्ही खेपेला त्याला पुरणपोळी मिळाली, बायको काही मिळाली नाही. "थोडकी ऱ्हायलीय वाकळ," असं म्हणून कमलबाईनं त्याच्या ताटात तूप ओतलं. दुसऱ्या खेपेला तर तिनं तुपाबरोबर सल्लाही वाढला. मेंढरं इकून टाका, परभणीला कारखान्यावर यांच्या ओळखीनं काम लागतंय, आणि इथंच ऱ्हावा झरीत, घर काय छोटं हाय का? अमृतनं ताटातलं तेवढं संपवलं. जाताना मात्र त्यानं चहाला हात लावला नाही. कमलबाईला ते दिसलं होतं, पण दिसलं नाही असं तिनं ठरवून टाकलं.

जावई तिसऱ्यांदा येत नसतो. म्हणून त्या दिवशी त्याची आई आली.

माघातलं कोवळं ऊन ओसरीवर पसरलं होतं. कमलबाई वाकळ मांडीवर घेऊन बसली होती. म्हणजे एक टाका घालत होती आणि तीनदा झोळीतल्या नातीकडे, अर्पिताकडे, बघत होती. दारात टमटम थांबली. आतून आधी गाठोडं उतरलं, मग अंबाबाई, आणि मग तिची लेक बबिता, जी त्यांच्या गावापासून, म्हणजे येलदरीपासून, बोलत आली होती आणि अजून थांबली नव्हती.

"रामराम इहीणबाई," अंबाबाई पायरीवरूनच म्हणाली. "वाकळ कुठवर आली म्हणलं, बघून यावं."

"या की, या," कमलबाई म्हणाली, आणि वाकळ तिथंच टाकून आत पळाली. विहीण दारात आणि आपण घरच्या विटक्या पातळात, हे तिच्यानं सोसणं शक्य नव्हतं. तिनं कपाट उघडून रामनं, म्हणजे तिच्या लेकानं, पुण्याहून पाठवलेली डाळिंबी साडी काढली. साडी रेशमासारखी गुळगुळीत होती, पदर खांद्यावर ठरत नव्हता, पण आज ठरो न ठरो, नेसायची म्हणजे नेसायची.

निऱ्या खोचता खोचता तिचं लक्ष परसात गेलं. चंद्रभान म्हशीपाशी उभा होता, इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून.

"तुमी फोन केला," कमलबाई खिडकीतून म्हणाली.

"कुणाला?"

"मला येडी समजू नका. म्हशीखाली बसायला कुणी इस्त्रीचा सदरा घालतंय का?"

चंद्रभाननं सदऱ्याकडे पाहिलं. सदऱ्यानं दगा दिला होता. "अंबाबाईनंच इचारलं वाकळीचं," तो म्हणाला. "मी म्हणलं, तुमीच येऊन बघा एकदा. ह्याच्यात खोटं काय बोललो?"

"तुमाला नंतर बघते," असं म्हणून कमलबाई बाहेर आली, आणि बघते तर काय, अंबाबाईनं सतरंजीवर वाकळ पसरली होती, चष्मा चढवला होता, आणि पलीकडच्या काठाला बसून खुशाल शिवायला सुरुवात केली होती! सुईही स्वतःची, गाठोड्यातली. बबिता दोरा ओवून देत होती.

"राहू द्या की इहीणबाई! पाव्हण्या तुमी. च्या तर घ्या आधी."

"च्या काय पळून जातोय का? तुमी तिकडून या, मी इकडून येते. मधी भेटू."

आता आली का पंचाईत! नको म्हणावं तर लबाडी उघडी पडते. कमलबाई मुकाट्यानं अलीकडच्या काठाला बसली. पदर डोक्यावरून घेतला, तो घसरला; पुन्हा घेतला, पुन्हा घसरला; मग तिनं त्याचा नाद सोडला. तिनं चार टाके घातले तोवर अंबाबाई रांगेच्या शेवटी पोचून परत फिरली होती. कमलबाईनं वाकून पाहिलं. एकेक टाका बोटभर.

"इहीणबाई," ती शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाली, "ह्यो टाका हाय का पाऊल?"

अंबाबाई हसली. "मेंढरामागं चालणाराचं पाऊल लांबच पडतंय, बाई."

"पण लेकराचं बोट अडकंल की त्याच्यात. तेवढी रांग उसवा. मी घालते फिरून."

अंबाबाईची सुई थांबली. बबितानंसुद्धा तोंड मिटलं, जे रोज घडत नाही.

"लेकराच्या वाकळीचा टाका उसवतेत तुमच्यात?" अंबाबाईनं विचारलं. "आमच्यात तर न्हाई उसवीत. टाका उसवला की लेकराची झोप उसवती म्हणतेत."

कमलबाईच्या तोंडून निघायचं ते निघून गेलं होतं. असं कसं बोललो आपण, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. "आमच्यात बी न्हाई उसवीत," ती म्हणाली. "मी आपलं सहज म्हणलं."

"मग ऱ्हाऊ द्या. वाकडा तर वाकडा, आजीचाच हाय."

एवढ्यात चंद्रभान चहा घेऊन आला. स्वतः! या घरात एकतीस वर्षांत त्यानं कपबशी उचलल्याचं कमलबाईला आठवत नव्हतं. तो अंबाबाईला कप देऊन तिथंच खांबाला टेकून बसला, तेही पलीकडच्या बाजूला.

"अमृतराव काय म्हणतेत?" त्यानं विचारलं.

"काल आलाय घरी," अंबाबाई म्हणाली. "गोदाकाठच्या रानात मेंढरं बसवलीत, धाकट्या गोपाळवर सोडून आलाय. परवा फिरून निघायचाय. मग पार पाडव्यालाच घर दिसंल त्याला."

"बघा!" कमलबाईला कोलीत मिळालं. "ह्येच म्हणते मी. इंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बाप रानात, आणि लेकरू मेंढरांच्या वासात. इथं काय कमी हाय? दवाखाना हाय, दूध घरचं हाय, मी हाय."

"बाप रानात, पण आमी घरीच हाव की," बबिता मध्ये पडली. "पक्कं घर हाय, मामी. पंखा हाय. टीव्हीसुद्धा हाय, आमचे बाबा दिवसभर त्याच्यापुढं घोरत असतेत."

"दत्तरावांच्या घोरण्यानं नातीला झोप कशी लागंल?"

"त्यांच्या घोरण्यात चार लेकरं वाढली माझी," अंबाबाई म्हणाली. "आणि वासाचं म्हणाल तर, चंद्रभानदाजी, तुमचा आजा झरीत कसा आला हो?"

चंद्रभान गालात हसला. "खांद्यावर कोकरू घिऊन."

"तुमाला कुणी इचारलं?" कमलबाई खेकसली.

"इहीणबाईंनी," चंद्रभान म्हणाला, आणि त्यानं शांतपणे बशीत चहा ओतला.

कमलबाईनं सुई अशी खुपसली की खालचा हात थोडक्यात वाचला. वाकळ शिवताना उजवा हात वर आणि डावा खाली असतो. खालच्या बोटांना सुईचं टोक लागलं की ती वर ढकलायची. हे काम ती डोळे मिटून करू शकत होती. त्या दिवशी तिनं जवळजवळ तसंच केलं. हात शिवत होते आणि डोकं भांडत होतं. ही कोण मला माझ्या घरात घर दाखवणारी? आणि ह्यांना काय झालंय? उभा जन्म जेवायला वाढ म्हणायला सुद्धा बोलले नाहीत, आणि आज कशी पोपटासारखी वाचा फुटलीय! टाके मात्र त्या रागातही तिळाएवढेच पडत होते, एकाला एक चिकटून, घट्ट.

आतून लेक, प्रियांका, आली. लेकराला पाजून तिनं पुन्हा झोळीत टाकलं, झोळीला एक झोका दिला आणि वाकळीपाशी आली. कमलबाईनं सरकून आपल्या शेजारी जागा केली. लेक आता आपल्याकडे बसणार, आणि मग दोघी मिळून या येलदरीच्या फौजेला पुरून उरणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

प्रियांका पलीकडे जाऊन बसली. सासूच्या शेजारी.

"आत्याबाई, मला द्या एक सुई," ती म्हणाली, आणि शिवायला लागली. बोटभर टाका. सरसर.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात, हे कमलबाईनं लाख वेळा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपल्या ओसरीवर ते डोळ्यांनी बघायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"काय करायलीस तू?" तिनं विचारलं.

"शिवायले की, आई."

"मी शिकवलेला टाका कुठं गेला?"

"त्या टाक्यानं आज हुणार न्हाई."

"आजच कशाला व्हाया पायजे?"

प्रियांकानं वर पाहिलं नाही. "अर्पूचे पप्पा घरी आलेत. परवा निघायलेत. लेकरू पालथं पडायलंय, हुंकार द्यायलंय, आणि त्यांनी ते सगळं फोनमधी बघितलंय. मला जायचंय, आई."

"तुला इथं काय कमी पडलं?"

"काईच न्हाई."

"मग?"

"मग काई न्हाई. माझं घर तिकडं हाय." आता तिनं सुई खाली ठेवली. "तू वाकळीचं काई बी सांगायचीस आणि मी ऐकून घ्यायची. मांजर बसलं म्हणलीस तवा तर मांजर माझ्याजवळ झोपलं हुतं. तुझं मन मोडवंना म्हणून गप बसले. पण ते दोनदा हात हालवीत गेले, आई. दुसऱ्या टायमाला तू त्यांला मेंढरं इका म्हणलीस. ते मला काई बोलले न्हाईत. पण तवापासून फोनवर फक्त लेकरू दाखव म्हणतेत."

चंद्रभाननं बशी हळूच खाली ठेवली. कमलबाईला सगळ्यांची नजर आपल्यावर आहे असं वाटलं आणि ती आणखी खाली वाकून शिवत राहिली, रांग संपेपर्यंत, दोरा संपेपर्यंत. तिनं गाठ मारली. दातानं दोरा तोडला.

"बरं," ती म्हणाली. "मी वाईट. मी खोटारडी. करा तुमची तुमी वाकळ, आणि जावा कुठं जायचं ते. मी चालले आत!"

आणि ती ताडकन उठली.

वाकळही उठली.

सुयांसकट, दोऱ्यांसकट उठली. अंबाबाईच्या चष्म्याचं घर त्यावर होतं ते घरंगळलं, दोऱ्याचं रीळ पायऱ्या उतरून अंगणात गेलं, आणि काठ धरून बसलेली बबिता "अगं माय" करत पुढं ओढली गेली. कमलबाई दाराच्या दिशेनं दोन पावलं गेली तर वाकळ तिच्या मागं निघाली, खाली लोंबत, सतरंजी झाडत. तिनं गर्रकन वळून बघितलं. वाकळ पण वळली.

पहिल्यांदा बबिता हसली. मग चंद्रभान, पण त्यानं ते खोकल्यात दडवलं. मग प्रियांका, जिच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. अंबाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला, तरी तिचे खांदे गदगदा हलत होते.

"कुणी शिवला माझा पदर?" कमलबाई ओरडली. "बबे, तूच गं! तुलाच सुचतेत असले धंदे!"

"मी न्हाई, मामी! देवाशप्पथ! मी तर दोरे ओवायले!"

अंबाबाई उठली. तिनं वाकळ उलटी केली, चष्मा पुसून डोळ्यांना लावला आणि बोट फिरवलं. घसरता पदर सरकून वाकळीखाली गेला होता, आणि वीतभर शिवला गेला होता. तिळाएवढा टाका, सरळ रांग. मागची बाजू पुढच्या बाजूसारखी.

"हे काम कुणाचं हाय ते सांगायला नगं," अंबाबाई म्हणाली. "ह्या गावात असा टाका एकीचाच."

कमलबाईनं पाहिलं. अगं बाई, खरंच की! मेल्या हाताला एवढं कळू नये?

"उसवू का, आई?" प्रियांकानं सुई उचलली, आणि तिचं तिलाच आठवून ती थांबली.

उसवायचा नव्हता. दोन्ही घरांनी मघाशीच एकमेकांना सांगून टाकलं होतं. आणि उसवायचं म्हटलं तरी कमलबाईचा टाका तो. कापड फाटलं असतं, पण टाका निघाला नसता.

"आता?" चंद्रभाननं विचारलं.

"आता काय," अंबाबाई म्हणाली, "वाकळीसंगं इहीणबाईंनाच नेताव येलदरीला. टमटममधी जागा हाय."

"न्या, न्या," चंद्रभान म्हणाला. "मला बी चार दिवस निवांत."

पुन्हा सगळे हसले. कमलबाई मात्र वाकळ पोटाशी धरून तशीच उभी राहिली. खरं सांगायचं तर, त्या घडीला तिला जावंसं वाटलं. साडी, अब्रू, विहीणपण, सगळं गुंडाळून टमटममध्ये बसावं आणि लेकराचं डोकं मांडीवर घ्यावं. इतकं वाटलं की ती मटकन खाली बसली.

"मला घर खायला उठतंय गं," ती म्हणाली. हे ती कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं. "राम तिकडं पुण्याला. हे दिवसभर रानात. ही गेली की मी भिंतीसंगं बोलू का? ही झोळी हलती म्हणून सकाळी उठावं तरी वाटतंय मला."

हसणं थांबलं. चंद्रभान सदऱ्याच्या गुंड्या बघू लागला. प्रियांका आईजवळ येऊन बसली, अगदी खेटून, पण बोलली काही नाही. बोलली असती तर राहते असं बोलून गेली असती, आणि ते खरं नव्हतं.

बोलली अंबाबाई. "मग रडायचं हुतं की, इहीणबाई," ती म्हणाली. "उगंच वाकळीला कशाला कामाला लावलं?"

कमलबाईला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिनं नाक ओढलं. डोळे पुसायला पदर उचलला, तर पदराबरोबर वाकळ आली, म्हणून तिनं वाकळीनंच डोळे पुसले.

"आणि वाट काय तुटलीय का?" अंबाबाई म्हणाली. "जिंतूरची गाडी धरायची, जिंतूरहून येलदरी. मला आगाऊ सांगू बी नका. सांगून आल्या की मी गोडधोड करत बसते आणि बोलायचं ऱ्हातंय."

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. झोळीत अर्पिता जागी होऊन स्वतःशीच काही सांगत होती. कमलबाईनं तिच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेकीनं झोळीच्या दोरीवर हात ठेवला होता, पण डोळे दारातल्या टमटमकडे होते.

"कैची दे," कमलबाई बबिताला म्हणाली.

"मामी, नवी कोरी साडी हाय! रामदादानं पाठवलेली!"

"दे म्हणते न्हवं."

तिनं कैची घेतली. पदराचा काठ दोन बोटांत धरला. क्षणभर हात थांबला, कारण साडी खरोखरच देखणी होती आणि कमलबाई काही संतीण नव्हती. मग तिनं डोळे न मिटता कर्रकन कापलं. डाळिंबी तुकडा वाकळीत राहिला आणि ती मोकळी झाली.

"मऊ हाय," ती तुकड्यावरून हात फिरवत म्हणाली. "लेकराच्या अंगाला टोचायचा न्हाई." तिनं तुकड्याच्या कडा आत दुमडल्या. मध्ये अजून बरीच वाकळ कोरी होती. तिनं एकदा अंगणातल्या उन्हाकडे बघितलं, सुई घेतली आणि मान खाली घातली.

प्रियांका शेजारी बसून बघत होती. थोड्या वेळानं तिनं आईच्या गुडघ्याला हात लावला.

"आई, लय लांब पडायलाय टाका तुझा."

"पडू दे," कमलबाई म्हणाली, आणि पुढचा त्याहून लांब घातला. "तू तुझी पिशवी भर. उजेडात पोचाया पायजे तुमी."